तार्मोला मासेमारी शिकवताना

मंगळवार, २ जुलै. लाहती. दुपारी ४.

उद्या पहाटे पाचला निघायचं. पाच म्हणजे पाच. चोवीस वर्षं या शहरातल्या बसचं वेळापत्रक मी लावतोय, माझ्या शब्दावर लोक घड्याळं लावतात.

ही वही नवी आहे आणि फक्त माझ्यासाठी आहे. बायकोने, म्हणजे रित्वाने, विचारलं तर हवामानाच्या नोंदी आहेत असं सांगायचं ठरवलं होतं. तिने विचारलंच नाही.

सहलीचा उद्देश एकच. तार्मोला सावरायचं. तार्मो म्हणजे चार नंबरच्या बसचा ड्रायव्हर, माझा तीस वर्षांपासूनचा मित्र. त्याची बायको रायली गेली, त्याला येत्या ऑक्टोबरात दोन वर्षं होतील. तेव्हापासून रित्वा दर रविवारी त्याला ओव्हनमधली मॅकरोनी पाठवते. वरचा खरपूस पापुद्रा त्याच्या डब्यात जातो, मधलं मऊ मऊ मला. मी काही बोलत नाही. चार नंबरचे प्रवासीही त्याला घरून बन करून आणतात. बस वेळेवर येते ती माझ्यामुळे, बन मिळतात त्याला. त्याच्याकडे दुःख आहे आणि लोकांना दुःखी माणसाला खाऊ घालायला आवडतं. माझ्याकडे नुसती सायटिका आहे.

हा मत्सर नाही. निरीक्षण आहे.

सामान बांधून तयार. दोन नवे रॉड, स्वीडनचं रील, अठ्ठेचाळीस आमिषांची कप्प्याकप्प्यांची पेटी, छातीपर्यंत येणारी रबरी विजार, मासेमारीवरची तीन पुस्तकं (अडीच वाचून झाली). तार्मोचं सामान दाराशी येऊन पडलंय. वडिलांचा एक जुनाट रॉड आणि पावाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळलेला एक पितळी चमचा. चमचा म्हणजे आमच्याकडे गळाला लावतात ती पत्र्याची पट्टी. पाण्यात लकलकते आणि मासा फसतो. एकच चमचा! मला गलबलून आलं.

निश्चय: त्याला सगळं शिकवीन. रागावणार नाही. त्याच्या हाताला एक तरी मासा लागल्याशिवाय परत आणणार नाही.

बुधवार, ३ जुलै. रोवानिएमीच्या पुढे, गाडीत. संध्याकाळी ६.

निघालो ५.२५ ला. माझी टोपी सापडत नव्हती. डोक्यावर होती.

गाडी तार्मो चालवतोय. मी नकाशा बघतो. नकाशा बघणं जास्त अवघड, कारण रस्ता एकच आहे आणि लक्ष लागत नाही.

रोवानिएमीला कॉफीला थांबलो. काउंटरवरच्या बाईने तार्मोला न मागता दालचिनीचा बन दिला. का? त्याच्या चेहऱ्यावर काही लिहिलंय का? मीही चेहरा पाडून उभा राहिलो. पोटात दुखतंय का, असं तिने मला विचारलं. टॉयलेट उजवीकडे आहे म्हणाली.

गुरुवार, ४ जुलै. पेत्सी सरोवर. दुपारी.

पोचलो. इथून पुढे रस्ता नाही. उत्तरेला नुसतं पाणी, दलदल आणि खुरटी बर्चची झाडं, थेट नॉर्वेपर्यंत. लाकडी खोली, दोन बाकडी, एक शेगडी, काठावर सौना, म्हणजे वाफेने अंग शेकायची लाकडी खोली. खोली इंगाची, होडीही इंगाचीच. इंगा आमच्याच वयाची, सामी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी बाई, सरोवराच्या पलीकडच्या टोकाला राहते. तिच्याशी तीन महिने ईमेल मी करत होतो. एकवीस ईमेल. धक्क्यावर उतरलो तर हात तिने आधी तार्मोशी मिळवला.

तुमच्यात मासेमारी शिकलेला कोण, असं तिने विचारलं. मी म्हणालो, मी. तार्मोही म्हणाला, हा. इंगाने माझी नवी टोपी, विजार, पेटी सगळं नीट बघितलं आणि म्हणाली, बरं बरं, लाहतीकर, पण ती विजार घालून होडीत बसू नका, पडलात तर बूट खाली आणि तुम्ही वर असं होणार नाही, दोन्ही खालीच जाल. तार्मो हसला. मला हसला. बाईमाणसासमोर.

तिचा कुत्रा मुस्ती. म्हातारा, एका डोळ्याने अधू. तार्मोच्या पायाशी जाऊन झोपला. कुत्र्यांना अक्कल असते असं लोक म्हणतात. मला तसा अनुभव नाही.

शुक्रवार, ५ जुलै. संध्याकाळी ७. ऊन दुपारच्यासारखंच.

पहिला दिवस. हवा: वारा ईशान्येचा, त्रासदायक.

मी तार्मोला पुस्तकातल्या दुसऱ्या प्रकरणाप्रमाणे रॉड फेकायला शिकवलं. मनगट, कोपर, घड्याळातल्या दहा आणि दोनच्या मधली दिशा. तो सगळं ऐकून हं म्हणाला आणि बाजूला जाऊन आपला चमचा पाण्यात टाकला. दगड टाकावा तसा. ट्राउट लागला. हाताएवढा.

नवशिक्याला एखादा लागतोच. मी त्याची पाठ थोपटली.

मग दुसरा लागला. मग एक दातेरी पाईक. मग मी पाठ थोपटणं बंद केलं, हात दुखत होता.

माझी कामगिरी: बर्च, बर्च, माझी टोपी, तळाचा दगड, बर्च. दगड मात्र चांगला लढला. दहा मिनिटं मला वाटत होतं की सरोवरातला सगळ्यात मोठा मासा तोच.

तार्मोने शेवटचा मोठा ट्राउट हातात धरून बघितला आणि सोडून दिला. का रे, म्हटलं. म्हातारा आहे बिचारा, म्हणाला. हे असलं वागून लोकांचे बन मिळवतो हा.

जेवायला त्याचाच मासा. लोण्यात तळलेला, वर शेपू. खाल्ला. शिक्षकाला विद्यार्थ्याला प्रोत्साहन द्यावं लागतं. तीन तुकडे प्रोत्साहन दिलं.

डास मला एकट्यालाच चावतात. त्याला नाही.

शनिवार, ६ जुलै. सकाळी ११. टेकडीच्या खडकावर.

फोनला रेंज फक्त या खडकावर, तीही डाव्या पायावर उभं राहिलं तर. रित्वाला फोन केला. तिने विचारलं, तार्मो जेवतो ना नीट? झोपतो ना? बोलतो का रायलीविषयी? मी म्हणालो, मला डासांनी फोडून काढलंय. ती म्हणाली, मग तेल लाव, आणि हे बघ ईल्पो, त्याला एकट्याला सोडू नकोस, आणि सारखं शिकवत बसू नकोस.

सारखं! मी एकदाच शिकवलं. दिवसभर, पण एकदाच.

दुपारी ३.

इंगा येऊन गेली. तार्मोसाठी रेनडिअरचं वाळवलेलं मांस, माझ्यासाठी डासांचं तेल. दोघं धक्क्यावर बसून अर्धा तास गप्प होते. मी खिडकीतून बघत होतो. माझ्याशी तार्मो इतका वेळ कधी गप्प बसलेला नाही. म्हणजे बसतो, पण मी बोलत असतो म्हणून. त्या दोघांचं गप्प बसणं वेगळं होतं. त्यात मजा चालली होती.

आजचा हिशोब लिहिण्यात अर्थ नाही. तार्मो पाच, मी एक पर्च. पर्च माझ्या करंगळीएवढा होता, पण अंगावरचे पट्टे सुरेख होते. फोटो काढला. शेजारी मोजायला काही ठेवलं नाही.

विचार करता एक गोष्ट लक्षात आली. हे तार्मोचं कसब नाहीच. तो चमचा आहे. जुनं पितळ, विशिष्ट रंग. हात माझा चांगला, चमचा त्याचा चांगला. न्याय कुठे आहे?

रविवार, ७ जुलै. सकाळी ६.१०.

तार्मो झऱ्यावर पाणी आणायला गेला असताना चमचा सुरक्षित जागी हलवला. (माझ्या जॅकेटचा आतला खिसा, चेन लावलेली.) हा शास्त्रीय प्रयोग आहे. एका दिवसाचा. मासे चमच्याला लागतात की माणसाला, हे एकदा ठरलं की दोघांच्याही मनाला शांती. उद्या परत जागच्या जागी.

दुपारी १.

तार्मो सकाळपासून शोधतोय. बाकड्याखाली, पायरीखाली, शेवाळात गुडघ्यांवर बसून, हाताने चाचपत. काही बोलत नाही. मीही शोधायला लागलो. खरं सांगायचं तर त्याच्यापेक्षा जास्त जोमाने शोधलं. होडी उलटी केली, सौनाची राख चाळली. कुणीही म्हणेल की मित्र असावा तर असा.

संध्याकाळी ५.

माझ्या पेटीतला एक चमचा त्याला वापरायला दिला. हिरवा, खवल्यांचं नक्षीकाम असलेला, फार नावाजलेला. मोठ्या मनाने दिला. दहा मिनिटांत पाईक लागला. चार किलो तरी असेल.

प्रयोगाचा निष्कर्ष: चमचा माझा होता, म्हणजे मासा तांत्रिकदृष्ट्या माझा. हे मी तार्मोला सांगितलं. तो हं म्हणाला.

संध्याकाळी ८.

जेवताना त्याने स्वतःहून तोंड उघडलं. तो चमचा रायलीने घेतला होता म्हणे. इकडे येताना, सोदानक्युलाच्या पेट्रोल पंपावर, लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात. तो म्हणाला, मी तिला साधं पिठाचं आमिष आण म्हटलं होतं, तर ही पितळेचा चमचा घेऊन आली, चमकतो छान म्हणाली. मी तिच्यावर ओरडलो होतो, म्हणाला. सगळ्यांदेखत ओरडलो, पंपावर. मग सदतीस वर्षं तोच वापरला.

मी म्हणालो, सापडेल रे.

तो म्हणाला, हं.

माझ्या जॅकेटचा खिसा जड वाटतोय. चमचा वीस ग्रॅमचा आहे.

सोमवार, ८ जुलै. सकाळी ५.

रात्रभर झोप नाही. पाऊस. योजना तयार: चमचा होडीत, मधल्या फळीखाली ठेवायचा. मग दुपारी होडीत बसल्यावर मीच ओरडायचं, अरे हे काय चमकतंय! तो खूश, मी शोधून देणारा, प्रकरण संपलं. एका दगडात दोघांचं भलं. आत्ताच ठेवून आलो. सॉक्स भिजले.

सकाळी १०.३०.

गोंधळ.

आम्ही कॉफी पीत असताना इंगा आली. जवाच्या गरम भाकऱ्या आणल्या (कुणासाठी ते लिहीत नाही). होडीत पावसाचं पाणी साचलं होतं. ती बाई स्वस्थ बसणाऱ्यातली नाही. तिने फळ्या वर केल्या, कॉफीचा जुना डबा घेतला आणि पाणी उपसून फेकायला लागली. मी खिडकीतून बघितलं. धावलो. चपला घालायच्या राहिल्या. थांबा थांबा ओरडलो. ती म्हणाली, झालं हो लाहतीकर, कोरडी ठक्क केली, आता खुशाल बसा.

फळीखाली काही नाही.

धक्क्याजवळ पाणी काळं आहे. कॉफीसारखं. खोली किती ते पुस्तकात दिलेलं नाही.

दुपारी.

मी तार्मोला सांगितलं की मी आज एकटाच धक्क्यावरून मासे धरणार. दिवसभर लोखंडी दाताळं दोरीला बांधून तळ खरवडला. मिळालं ते असं: एक बूट, शेवाळ, पुष्कळ शेवाळ. तार्मो पायरीवर बसून बघत होता. कसले मासे धरतोयस, असं त्याने विचारलं. तळाचे, म्हणालो.

मंगळवार, ९ जुलै. सकाळी ९.

आज रबरी विजार घालून उतरणार. धक्क्यापासून चार मीटरवर काहीतरी लकलकलं. नक्की पितळ.

दुपारी १२. सौनात, अंगावर दोन घोंगड्या.

ते पितळ नव्हतं. माशाचं पोट होतं आणि ते माझ्यादेखत निघून गेलं. त्याच्या मागे मी एक पाऊल टाकलं. तिथे तळ नव्हता. विजारीत वरून पाणी शिरलं. इंगाने सांगितलं होतं ते अगदी तसंच झालं, तपशीलवार. पाणी बर्फाचं. मी ओरडलो की नाही आठवत नाही. तार्मो म्हणतो की ओरडलास, आणि मला नाही, रित्वाला हाक मारलीस.

त्याने कपड्यांनिशी उडी मारली आणि माझी गळपट्टी धरून ओढत काठावर आणलं. मग विजार कापावी लागली. त्याच्या चाकूने. नवी होती.

सौना त्याने पेटवला. दोघं वरच्या फळीवर बसलो. माझे दात वाजत होते आणि त्या आवाजातच मी सांगून टाकलं. म्हणजे सुरुवात अशी केली की, समज एखाद्या माणसाने एखादी वस्तू प्रयोगासाठी घेतली. तार्मो म्हणाला, माहीत आहे मला.

कधीपासून, म्हटलं.

रविवारी सकाळपासून. तू शोधायला लागलास तेव्हाच. स्वतःचा चष्मा हरवला तरी तू इतका वाकत नाहीस, ईल्पो.

मग बोलला का नाहीस?

म्हटलं, ठेवशील परत. दोन दिवस वाट बघितली.

मी म्हणालो, ठेवला होता रे. होडीत. इंगाने उपसून टाकला. त्याने वळून माझ्याकडे बघितलं. त्याला तेवढं माहीत नव्हतं. मला वाटतं त्याला वाटत होतं की अजून तो माझ्या खिशातच आहे.

त्याने तापलेल्या दगडांवर पाणी टाकलं. वाफ आली. पुन्हा पाणी टाकलं. मग म्हणाला, का रे पण?

मी पुष्कळ कारणं सांगितली. ईशान्येचा वारा, शास्त्र, हाताची आणि आमिषाची तुलना. शेवटी कारणं संपली आणि तोंडातून निघालं की तुला सगळे बन देतात. हे मी का म्हणालो कळत नाही. उष्णतेने माणसाचा मेंदू हलका होतो.

तार्मो म्हणाला, बन? मग म्हणाला, घे ना मग. घे सगळे. वर रिकामं घरही घे.

एवढंच. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मलाही चढवता आला असता.

बाहेर जाताना दारात थांबून म्हणाला, रायलीला तू आवडायचास. कशामुळे ते मला कधी कळलं नाही.

(नोंद: रायलीला मी आवडायचो.)

बुधवार, १० जुलै. परतीच्या वाटेवर. पेट्रोल पंपावर.

एक दिवस आधी निघालो. तार्मो म्हणाला, पुरे झालं. इंगाने त्याला भाकऱ्यांची पिशवी दिली. मुस्ती गाडीमागे वळणापर्यंत धावत आला, लंगडत. मला इंगाने एवढंच म्हटलं, जपून जा हो. पण मनापासून म्हटलं. थोडंफार.

गाडी मला चालवायला दिली. विश्वास उडाला असता तर दिली असती का? तो मागच्या सीटवर बसलाय. पाय लांब करता येतात म्हणाला. सहाशे किलोमीटर झाले, पाय अजून लांबच आहेत.

मी दोनदा बोलायचा प्रयत्न केला. एकदा सॉरी म्हणालो, पण नेमका तेव्हाच ट्रक गेला. पुन्हा म्हणणं बरं दिसलं नसतं.

रविवार, १४ जुलै. लाहती.

रित्वाने मॅकरोनी केली. मी म्हणालो, मी नेऊन देतो तार्मोला. ती माझ्याकडे बघतच राहिली. गेलो. दार उघडलं त्याने. डबा दिला. वरचा पापुद्रा पूर्ण होता, वाटेत बोट लावलं नाही. आत ये म्हणाला नाही, पण दार एकदम लावलंही नाही. मी म्हणालो, नवा चमचा आणलाय तुझ्यासाठी, पितळी, तसाच. तो म्हणाला, राहू दे. मग म्हणाला, डबा धुऊन पाठवतो.

रित्वाला सगळं सांगितलं. म्हणजे विजार फाटल्याचं सांगितलं. बाकीचं तिला आधीच माहीत होतं. तार्मोने तिला नाही, इंगाला सांगितलं होतं, आणि इंगाने तिला. त्या दोघी आता माझ्याच ईमेलवरून बोलतात. माझे एकवीस धरून आता बावीस झाले असतील.

सोमवार, १२ ऑगस्ट. ऑफिस. सकाळी ९.

तार्मो महिनाभर हसून बोलतो, पण चार नंबरच्या प्रवाशाशी बोलावं तसं. हवा कशी, गर्दी किती. जखम भरायला वेळ लागतो. मी समजूतदार आहे.

ड्रायव्हरांच्या रजा माझ्याच टेबलावरून जातात. आज तार्मोचा अर्ज आला. २ ते ११ सप्टेंबर. कारणाच्या रकान्यात: पेत्सी सरोवर, मित्राबरोबर मासेमारी.

मित्राबरोबर!

तर हा असा माणूस आहे. तोंडाने बोलणार नाही, अर्जातून बोलावणार. मला जवळजवळ रडू आलं. पंधरा मिनिटांत मीही अर्ज लिहिला, २ ते ११ सप्टेंबर. दुपारी नवी विजार बघून आलो. या वेळी कमरेपर्यंतची. शिकवणार नाही. गप्प बसायची प्रॅक्टिस करतोय, आज लंचला सात मिनिटं जमलं.

मंगळवार, १३ ऑगस्ट. ऑफिस. दुपारी ४.

सात नंबरच्या इस्मोचा अर्ज आला. इस्मो म्हणजे तो जाडा, जो नेहमी लेट येतो आणि ज्याला मासा आणि चप्पल यातला फरक कळत नाही. २ ते ११ सप्टेंबर. कारण: मासेमारी. तार्मो शिकवणार आहे.

दोन ड्रायव्हर एकाच आठवड्यात रजेवर असले, तर ड्युट्या लावणाऱ्याने, म्हणजे मी, ऑफिसात हजर राहायचं, असा नियम आहे. कडक नियम आहे. मीच केलाय. इस्मोला नाही म्हणायचा मला पूर्ण अधिकार होता. पेन तासभर त्याच्या नावावर धरून ठेवलं. तार्मो खाली आवारात बस धूत होता आणि शीळ घालत होता. दोन वर्षांत त्याची शीळ ऐकली नव्हती.

तार्मो: मंजूर.

इस्मो: मंजूर.

ईल्पो: नामंजूर. सही, ईल्पो.